पातूरची राहिलेली कुस्ती

जानेवारीची अठ्ठावीस तारीख, बुधवार. सकाळी दुकान उघडलं तेव्हा मशीनवर आदल्या दिवशीचा अर्धा लाल लंगोट पडून होता. गिऱ्हाईक यायच्या आत तो हातावेगळा करायचा होता. लग्नसराईचे ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायकांनी लंगोट पाहिला असता तर दिवसभर दुसरा विषय झाला नसता.

अमरावतीत माझं शिवणाचं छोटं दुकान आहे. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. लग्न होऊन धामणगाव रेल्वेहून इथे आले त्या वर्षापासून आमच्या ह्यांचे लंगोटही मीच शिवत आले. दिसायला सोपं काम आहे, एक तिकोनी तुकडा आणि एक लांब पट्टा. पण कापड दुहेरी घ्यावं लागतं आणि जोडावर चार शिलाया माराव्या लागतात. ताणात उसवला तर चारचौघांत माणसाची शोभा होते. पूर्वी मी अंदाजाने शिवायचे. या वेळी टेप लावला. कंबर आठ इंच वाढली होती. मी आकडा बोलले नाही, त्यांनी विचारला नाही.

मध्ये पंधरा वर्षं मी एकही लंगोट शिवला नव्हता. गुडघा दुखायला लागला तेव्हा ह्यांनी कुस्ती सोडली, असं आम्ही घरचे धरून चाललो होतो. ते शाळेत व्यायामाचे शिक्षक होते. पोरांना कवायत शिकवायची, संध्याकाळी तालमीत जाऊन नव्या मल्लांना डाव दाखवायचे, कट्ट्यावर बसायचं. मागच्या वर्षी निवृत्त झाले. आता वय एकोणसाठ. साखरेची गोळी चालू, उजवा गुडघा वाजतो, आणि मान. मानेचं पुढे सांगते.

त्यांच्या तालमीत एक रीत आहे. मल्लाने कुस्ती सोडली की शेवटच्या कुस्तीचा लंगोट तो तालमीतल्या मारुतीपुढच्या दांडीला टांगतो. धुवायचा नाही, माती लागलेलाच टांगायचा. ह्यांच्या जोडीच्या सगळ्यांचे लंगोट तिथे आहेत. धुळीने काळे झालेत, रंग कोणता ते कळत नाही. ह्यांचा नाही. कोणी विचारलं की म्हणायचे, ‘‘माही एक राहिली आहे.’’

ती राहिलेली कुस्ती पातूरची. आमच्या लग्नाच्या दोन महिने आधी पातूरजवळच्या एका गावात जत्रेत कुस्त्यांची दंगल होती आणि शेवटच्या कुस्तीला ह्यांची जोड तिथल्याच एका मल्लाशी लागली. तो ह्यांच्याहून एक वर्षाने मोठा. पाऊण तास कुस्ती चालली. दिवस मावळला, माती दिसेना, तेव्हा पंचांनी दोघांचे हात वर केले आणि बरोबरीत सोडवली. ह्यांचं म्हणणं, मी त्याच्या पाठीवर होतो, आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर चीत केला असता. तिकडचा म्हणायचा, पाच मिनिटांत मीच खालून सुटून याला आभाळ दाखवलं असतं. त्या कुस्तीत ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली. लग्नात माझ्या गळ्यात हार घातला तो बोटांना पट्टी बांधलेल्या हाताने. माझ्या मावशीने ‘पोरात खोड आहे का’ म्हणून तिथेच चौकशी केली होती.

ती कुस्ती परत व्हायची राहून गेली. एका वर्षी तो आजारी, एका वर्षी ह्यांची निवडणुकीची ड्युटी, मग मुलीचा जन्म, मग गुडघा. पण बत्तीस वर्षांत असा महिना गेला नसेल की जेवताना पातूरचा विषय निघाला नाही. मुलगी लहान असताना भात कालवता कालवता म्हणायची, ‘‘बाबा, आता पातूर सांगा.’’ मी ताट वाढून उठायचे. मला ती गोष्ट पाठ होती.

पाठ होती, पण मी एकही कुस्ती पाहिलेली नव्हती. तालमीच्या मातीत बाईने पाय ठेवायचा नाही, ही तिथली रीत. दंगलीला त्या काळात घरच्या बायका जात नव्हत्या. माझ्या वाट्याला यायचा तो मळका लंगोट, सोललेले कोपर आणि हळदीचा लेप. कुस्ती म्हणजे मला तेवढंच ठाऊक होतं, आणि मला वाटायचं की तेवढं पुरेसं आहे.

डिसेंबरात पातूरकडच्या त्या गावातून फोन आला. दंगल कमिटीत आता त्या वेळची लहान पोरं मोठी होऊन बसली आहेत. त्यांनी ठरवलं की या वर्षी जुन्या मल्लांची एक कुस्ती लावायची, तीच जोड, तेच मैदान. ह्यांनी फोन ठेवला आणि उभ्यानेच दोन ग्लास पाणी प्यायले.

‘‘काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘लागली,’’ ते म्हणाले. ‘‘जोड लागली.’’

मला वाटलं होतं हसण्यावारी जाईल. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बदाम भिजत घातलेली वाटी रिकामी होती आणि हे तालमीत. आठ दिवसांत तालमीतले म्हातारे आमच्या अंगणात चहाला येऊन त्यांना छळू लागले.

‘‘मास्तर, लंगोट कमरेले पुरते का आता, का सतरंजी बांधता?’’

‘‘तुह्या पोटाले पुरली सतरंजी, मंग मले कुठची उरते?’’

‘‘त्याले फोन करून सांगा बाप्पा, पहिले पाच मिनिटं पोटाच्या पल्याड हात पोचवाले दे मना, मंग कुस्ती.’’

हे हसायचे. बऱ्याच वर्षांनी असे हसत होते, हे मी पाहत होते. पुण्याहून मुलीचा फोन आला, ‘‘आई, बाबांना आवर, डोकं फिरलंय का त्यांचं?’’ मी म्हटलं, तूच आवर. तिने त्यांच्याशी बोलायला फोन मागितला आणि दहा मिनिटांनी बाप-लेक पातूरच्याच गोष्टीवर आले होते.

आता मान. जानेवारीच्या मध्यात त्यांच्या डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला. मानेचे दोन मणके झिजलेत, म्हणाले, मधली जागा कमी झाली आहे. ह्यांनी विचारलं, ‘‘बागकाम चालीन ना?’’ डॉक्टर म्हणाले, बागकाम चालेल, पण मानेवर वजन येता कामा नये, झटका बसता कामा नये. हातपाय कायमचे जाऊ शकतात. आमच्याकडे बाग नाही. दोन तुळशी आणि एक कढीपत्ता आहे. मी तिथे गप्प बसले, ही माझी पहिली चूक असेल. पण डॉक्टरांसमोर नवऱ्याला खोटं पाडायची मला सवय नव्हती.

घरी आल्यावर सरळ म्हटलं, ‘‘नका करू ही कुस्ती.’’

‘‘बत्तीस वर्षं झाले,’’ ते म्हणाले. ‘‘मले फक्त पाह्यचं आहे, कोण जास्त होता. हारलो तरी चालते. पण पाह्यचं आहे.’’

‘‘अन् मान गेली तर?’’

‘‘मान माही आहे.’’

‘‘उचलाची मले आहे,’’ मी म्हटलं.

ते तालमीचा टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेले. मी भांडत बसणारी बाई नाही. एखादी गोष्ट थांबत नसेल तर तिची सोय लावायची, असा माझा स्वभाव. कापड कमी पडलं तर रडायचं नाही, जोड कुठे दिसणार नाही ते पाहायचं. या कुस्तीचीही मी तशीच सोय लावायला गेले.

कमिटीने पाठवलेल्या जाहिरातीत दोन्ही मल्लांचे जुने फोटो होते आणि खाली फोन नंबर. अठ्ठावीस तारखेलाच, लंगोट पुरा करून घडी घातल्यावर, मी दुकानातून त्या पातूरच्या मल्लाला फोन लावला. त्यांची पिठाची गिरणी आहे. फोनवर गिरणीचाच आवाज. मी अमरावतीहून बोलते, मास्तरांच्या घरून, असं दोनदा ओरडून सांगितल्यावर त्यांनी गिरणी बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबल्याचंसुद्धा ऐकू आलं.

‘‘हा बोला वैनी. मास्तर तयारीत आहे ना?’’

मी मानेचं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं. मग म्हटलं, ‘‘भाऊजी, तुमी हलकं धरा. चार-पाच मिनिटं लोकांले दाखवा अन् बरोबरीत सोडा.’’

पलीकडे त्यांनी गिऱ्हाइकाला थांबायला सांगितल्याचं ऐकू आलं.

‘‘मास्तरले माईत आहे का, तुमी फोन केला ते?’’

‘‘नाही.’’

‘‘बरोबरीत सुटत नाई वैनी आता. कमिटीनं आधीच सांगतलं आहे, या वेळी निकाल लागल्याशिवाय सोडत नाई मनून. लोकं त्याच्यासाठीच येऊन राहिले.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग काय. एक तर म्या पडाचं, नाई तर मास्तरच्या मानेवर जाऊन बसाचं.’’

मागायचं होतं ते माझं मागून झालं होतं. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

‘‘बरं,’’ ते म्हणाले. ‘‘झालं समजा. पण याच्यावर मले परत फोन करू नोका.’’ आणि गिरणी सुरू झाली.

मला हलकं वाटलं, हे लिहायला हवं. त्या दिवशी मी सहा ब्लाऊज कापले आणि एकही बाही वाकडी गेली नाही. संध्याकाळी ह्यांना लंगोट दिला. त्यांनी पट्टा दोन्ही हातांनी ताणून पाहिला.

‘‘मजबूत आहे,’’ म्हणाले. ‘‘हा धुवाचा नाई हं. तिकडून आला की सरळ मारुतीले.’’

दंगल फेब्रुवारीच्या शेवटल्या रविवारी होती. तालमीने एक गाडी केली. सात पुरुष आणि मी. आता दंगलीला बायकांना वेगळी जागा असते म्हणून मी जाऊ शकले. ह्यांनीच आग्रह केला. ‘‘चाल ना, एकडाव पाहून तं घे, कायचे लंगोट शिवते तू.’’ अकोल्यापर्यंत गाडीत नुसता गोंधळ. कोण कोणाचा पट कसा काढायचा, म्हणजे पाय खेचून कसा खाली आणायचा, कोण कोणत्या गावात कसा आपटला. पातूर दिसायला लागल्यावर सगळे गप्प झाले. हे खिडकीबाहेर बघत मूठ उघडझाप करत होते, डाव्या हाताची.

मैदान गावाबाहेर होतं. खोदून मऊ केलेली माती, भोवती माणसांचं कडं, डफड्याचा आवाज. बायकांसाठी एका बाजूला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या केल्या होत्या. मला एका ट्रॉलीत चढवलं तर शेजारी पातूरच्या मल्लाची बायको. तिने स्वतःहून ओळख दिली, पिशवीतून मुरमुरा-फुटाणे काढून माझ्या ओंजळीत घातले.

‘‘तुमचे जेवून राहिले होते का धड?’’ तिने विचारलं. ‘‘आमचे तं महिन्यापासून पोळी मोजून खाऊन राहिले. रोज पहाटे गिरणीच्या मांगं जोर काढते. म्या मनलं, काहून मरून राहिले या वयात? तं मनते, मास्तर येऊन राहिला, त्याच्यासमोर ढिला जाऊ का?’’

मी फुटाणे हातातच धरून बसले.

‘‘मांगच्या महिन्याच्या शेवटापासून मात्र बोलणंच बंद आहे,’’ ती म्हणाली. ‘‘भेव वाटत असन. पण जोर काढणं सोडलं नाई.’’

मी मनात दिवस मोजले आणि मोजणं थांबवलं.

लहानांच्या, मग मोठ्यांच्या कुस्त्या झाल्या. दिवस कलायला लागला तेव्हा भोंग्यावर ह्यांचं नाव पुकारलं. दोघं दोन बाजूंनी मातीत उतरले. दोन म्हातारे, पोटं सुटलेली, छातीवरचे केस पांढरे. कोणीतरी हसलं. पण त्यांनी वाकून माती उचलली, कपाळाला लावली आणि मग एकमेकांच्या खांद्यावर, दंडावर टाकली, तेव्हा हसणं थांबलं. माझ्या शिवलेल्या लंगोटावर एक वळी नव्हती. घरात गुडघा धरून जिना उतरणारा माणूस तिथे वेगळाच उभा होता, पाय रोवून, खांदे उतरते ठेवून. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मला आधी कोणीतरी दुसराच वाटला.

हाताला हात भिडला. मला वाटलं होतं मला काही कळणार नाही. पण एक मिनिटही झालं नसेल, ह्यांचा चेहरा बदललेला मला त्या ट्रॉलीतून दिसला. त्यांनी समोरच्याचं मनगट धरलेलं होतं आणि ते मनगटाकडेच पाहत होते. तोंड जवळ नेऊन काहीतरी बोलले. समोरच्याने मान हलवली, नाही म्हणून. ह्यांनी त्याच्या मानेवर थाप मारली, जोरात, चल म्हणून. तो सरकला, जोर आणल्यासारखं केलं, तोंड तेवढं लाल केलं. ह्यांनी दुसरी थाप मारली. मग छातीने ढकललं. लोक ओरडायला लागले, त्यांना वाटलं मास्तर पेटला.

मग ह्यांनी पट काढला आणि तो पातूरचा गडी कडेला लावलेलं पोतं पडावं तसा पडला. हे त्याच्यावर गेलेच नाहीत. हात सोडून सरळ उभे राहिले. पंच बघत राहिले. तेव्हा खाली पडलेल्याने हात लांब करून ह्यांचं मनगट पकडलं, त्यांना आपल्या छातीवर ओढून घेतलं आणि स्वतःचे दोन्ही खांदे मातीला लावले. लांबून पाहणाऱ्याला वाटावं की मास्तरनेच दाबला. शिट्टी वाजली.

माझ्या शेजारची बाई पदर तोंडात धरून रडत होती. ‘‘असू द्या,’’ मीच तिला म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ह्यांना पोरांनी खांद्यावर घेतलं. फेटा बांधला, नारळ दिला. डफडं वाजत होतं. खांद्यावर बसलेला माणूस पडू नये म्हणून खालच्याचं डोकं धरून ठेवतो, तेवढंच ते करत होते.

मंडपात जेवण होतं, वरण-पोळी आणि वांग्याची भाजी. पातूरचे मल्ल अंग धुऊन आले आणि ह्यांच्यापुढे हात केला. ह्यांनी ताटातून मान वर केली नाही. आमच्या गाडीतल्यांना ते दिसलं. मग गिरणीवाले भाऊजी माझ्याकडे आले. मी हात धुवायला बाजूला उभी होते.

‘‘वैनी, मान वाचली ना?’’

‘‘वाचली भाऊजी.’’

‘‘तुमी मांगतलं मनून देलं,’’ ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. ‘‘पण मले भी पाह्यचं होतं.’’

माझ्या हातावर पाणी घालणाऱ्या बाईने तांब्या थांबवला. तोवर ते गेलेसुद्धा होते.

परतताना अकोल्याला बसस्टँडसमोर चहाला थांबलो. गाडीतले बाकीचे टपरीवर उभे राहिले. हे फेटा मांडीवर घेऊन बाकावर बसले. मी शेजारी.

‘‘त्याचा हात ढिला होता,’’ ते म्हणाले. ‘‘धरल्याबरोबर समजलं. बत्तीस वर्षांआधी त्याच मनगटानं माही दोन बोटं मोडली. लोकांले काही दिसो, हातात हात असला की खोटं बोलता येत नाई.’’

मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

‘‘म्या इचारलं त्याले, काहून सोडून राहिला? तं नाई मनते. कीव केली त्यानं माही. घरी बोलावून, गावासमोर कीव केली. याच्यापेक्षा मले पाडलं असतं...’’ त्यांनी मांडीवरचा फेटा उलटा केला. ‘‘आता त्याचं तोंड पाह्यचं नाई मले.’’

तिथे मी गप्प बसले असते तर ते तसंच राहिलं असतं. पातूरचा माणूस बोलणार नव्हता, हे मला त्याच्या एका वाक्यावरून कळलं होतं. बत्तीस वर्षं ज्याचं नाव आमच्या घरात जेवताना निघत होतं, तो आमच्या घरापुरता हलका माणूस ठरला असता आणि मी पोळ्या लाटत राहिले असते. कापड फाडून ठेवावं आणि दोष कात्रीला द्यावा, असं मला जमत नाही.

‘‘त्यानं नाही केली कीव,’’ मी म्हटलं. ‘‘मी फोन केला होता. मानेचं सांगितलं त्यांना. मीच म्हटलं, हलकं धरा.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तयार होते. ओरडतील, फेटा फेकतील, चारचौघांत काही बोलतील, ते सगळं ऐकून घ्यायचं ठरवलं होतं. त्यांनी चहाचा घोट घेतला.

‘‘साखर लय आहे याच्यात,’’ म्हणाले आणि कप बाकावर ठेवला.

समोर शेगावची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. तिच्यात माणसं चढून ती निघून गेली. मग ते म्हणाले, ‘‘तुले कधी कुस्ती दाखवलीच नाई म्या. माहंच चुकलं.’’

ते रागावले असते तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं होती. मान, मणके, हातपाय, उचलून न्यायचं कोणी. सगळी खरी होती आणि आजही खरी आहेत. परत तीच वेळ आली तर मी फोन करणार नाही असं मी छातीला हात लावून सांगू शकत नाही. पण मी आयुष्यात त्यांची एकच कुस्ती पाहिली, आणि त्यातही पहिलं अर्धं मिनिट सोडलं तर ती कुस्ती नव्हती.

अमरावतीपर्यंत गाडीत मागच्या सीटवरचे दोघं झोपले. पुढे बसलेल्या एकाने दोनदा ‘मास्तर, काय पट काढला बाप्पा!’ म्हणून पाहिलं, मग त्यानेही सोडून दिलं. त्यांनाही समजलं असावं. त्यांच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी कोणाचं मनगट धरलेलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी फेटा खुंटीला लावला, नारळ देवापुढे ठेवला आणि पिशवीतून लंगोट काढला. मातीने जड झालेला, अजून थोडा ओला. ते तो हातात घेऊन दारापर्यंत गेले. तालीम आमच्या घरापासून पायी सात मिनिटांवर आहे. दारातच थोडा वेळ उभे राहिले. मग मागे फिरले, न्हाणीघरात गेले आणि तो बादलीत टाकला, माझ्या दोन साड्या आणि त्यांचा बनियन होता त्याच बादलीत.

‘‘सकाळी धुऊन टाक,’’ म्हणाले.

मी सकाळी साडेपाचला उठले. ते जागे होते, भिंतीकडे तोंड करून. बदामाची वाटी मी आदल्या दिवशी सवयीने भिजत घातली होती, ती तशीच होती. मी न्हाणीघरात बादलीपुढे पाटावर बसले. साड्या आणि बनियन बाजूला काढले. लंगोट तेवढा वर काढून धरला.

एक विचार आला, तो सांगते. हा असाच वाळत घालावा, माती असू द्यावी, आणि आठ-पंधरा दिवसांनी त्यांचं मन निवळलं की हातात द्यावा, म्हणावं, टांगून या. तालमीतल्या म्हाताऱ्यांपैकी कोणाला तरी सांगून ठेवावं, त्याने आग्रह करावा. माझ्या डोक्यात सगळं जुळूनसुद्धा आलं होतं, कोणाला सांगायचं ते धरून. मग माझी मलाच ओळख पटली.

त्यांनी धू म्हटलं होतं. मी धुतला. साबण लावला, जोडाच्या शिलाईत माती बसली होती ती ब्रशने काढली. पहिलं पाणी गढूळ निघालं, दुसरं पिवळसर, तिसऱ्यात लंगोटाचा लाल रंग थोडा उतरला. चार शिलायांपैकी एकही उसवली नव्हती. पिळून दोरीवर घातला, दोन चिमटे लावले. मग साड्या घेतल्या.

सातला त्यांना चहा दिला, बिनसाखरेचा. दहाला दुकान उघडलं.